वसुबारसेची गाय, डेअरीचे दूध आणि हिशेबात नसलेला गोऱ्हा

दिवाळीची पहिली पणती वसुबारसेला लागते. आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी बेळगाव-निपाणीपासून इंदूर-बडोद्यापर्यंत मराठी घरांत गाय-वासराची पूजा होते. ज्यांच्याकडे गोठा नाही ते शेजारच्या गोठ्यात ताट घेऊन जातात, नाहीतर पाटावर रांगोळीने गाय-वासरू काढतात. या पूजेत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे गाय एकटी पुजायची नाही, तिच्याजवळ वासरू हवेच. दुसरी म्हणजे व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी दूध, दही, तूप खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी यावर उपास सुटतो. वर्षातून एक दिवस तरी दूध वासराचे, असा त्याचा साधा अर्थ सांगितला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नेहमीप्रमाणे दुधाची पिशवी येते. फराळाचे तूप, बासुंदी, बेळगावचा कुंदा, सगळे त्यातूनच. त्या पिशवीत गाय असते, वासरू मात्र कुठेच नसते.

गाईवरून आपल्याकडे जेवढे वाद होतात ते बहुतेक कत्तलीवरून होतात. दुधाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पण कत्तलखान्याकडे, रस्त्याकडे किंवा गोशाळेकडे जाणारी जनावराची वाट निघते ती दुधाच्या गोठ्यातूनच. ती कशी, हे समजून घेतले नाही तर गाईबद्दलचे प्रेम खरे असूनही अर्धेच राहते.

दूध येते कसे?

गोष्ट शाळकरी आहे, पण शहरात ती विसरली गेली आहे. गाय आपोआप दूध देत नाही. ती व्याली तरच दूध देते. गाईचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हशीचा 310 दिवसांच्या आसपास. व्याल्यावर सुरुवातीचे काही दिवस चीक येतो, ज्याचा खरवस होतो. मग साधारण दहा महिने दूध चालते. व्याल्यावर दोन-तीन महिन्यांतच गाय पुन्हा भरवली जाते आणि पुढच्या वेताआधी दोनेक महिने तिला आटवले जाते. म्हणजे गोठा चालू ठेवायचा तर वर्ष-सव्वा वर्षाला एक वासरू जन्माला यायलाच हवे.

देशी गाय आणि म्हैस यांचे आणखी एक आहे. वासरू किंवा रेडकू कासेला लावल्याशिवाय त्या सहजी पान्हा सोडत नाहीत. म्हणून जुन्या गोठ्यात आधी वासराला पाजायचे, मग धार काढायची आणि शेवटी पुन्हा थोडे वासराला सोडायचे, असा क्रम होता. होल्स्टीन, जर्सी यांच्या संकरित गायी वासराशिवायही दूध देतात. तिथे वासरू लगेच वेगळे करता येते आणि धंद्याच्या दृष्टीने ते फायद्याचे असते, कारण वासराच्या पोटात जाणारे प्रत्येक लिटर डेअरीला घालता येते.

काही ठिकाणी पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय करणारे इंजेक्शन देणे हा गुन्हा आहे. तरीही ही सवय पूर्णपणे मोडलेली नाही.

आता जन्मलेले वासरू बघा. कालवड झाली तर घरात आनंद, कारण दोन-तीन वर्षांत ती दुभती होणार. गोऱ्हा झाला तर? निसर्गाने कालवडी आणि गोऱ्हे जवळपास निम्मे-निम्मे दिले आहेत. सगळा प्रश्न या दुसऱ्या निम्म्याचा आहे.

बैल होता तोवर गोऱ्ह्याला जागा होती

आपल्या भागात गाय मुळात दुधासाठी पाळली जात नव्हती. सोलापूर, सांगली, साताऱ्यापासून बेळगाव, विजयपूरपर्यंतची खिलार जात बघा. चपळ, काटक, ओढकामाला पहिल्या नंबरची, दूध मात्र बेताचे. बेळगाव-विजयपूर आणि सांगलीच्या काळ्या रानात नांगर ओढणारी कृष्णाकाठची जातही तशीच. या गायींची खरी किंमत त्यांच्या पोटच्या बैलांत होती. शेतकऱ्याच्या घरी गोऱ्हा झाला की तो घरचा नांगर, घरची मोट, घरची गाडी. दूध ही त्यावरची साय.

सणही तेच सांगतात. कोल्हापूर-सांगली भागात आषाढात महाराष्ट्र बेंदूर, त्याआधी ज्येष्ठ पौर्णिमेला सीमाभागात कर्नाटकी बेंदूर, मराठवाडा-विदर्भात पोळा. मान बैलाचा. गोव्यात दिवाळीच्या पाडव्याला गोरवांचो पाडवो होतो, तोही सगळ्या गुरांचा. गाईला आई म्हणणारा समाज गाईच्या मुलालाही कामाचा भाऊ मानत होता. ही व्यवस्था काही अहिंसेचा नमुना नव्हती. वेसण होती, पराणी होती, दुष्काळात उपासमार होती. पण गोऱ्ह्याच्या जगण्याला एक कारण होते.

ते कारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गेले. ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी मोटर आली. त्याच काळात 1970 मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. सहकारी दूध संघ गावोगाव पोचले. कोल्हापूरचा गोकुळ संघ तर 1963 पासूनचा. दहा-पंधरा दिवसांनी मिळणारे दुधाचे बिल हे लाखो घरांचे हातातले रोख उत्पन्न झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला, भूमिहीन मजुराला, विशेषतः घरातल्या बाईला या पैशाने उभे केले, हे नाकारता येत नाही. भारत 1998 पासून जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे. 2023-24 मध्ये देशाचे उत्पादन सुमारे 23.9 कोटी टन झाले, म्हणजे माणशी रोज 471 ग्रॅम.

हे दूध वाढले ते संकरित गायी आणि म्हशींवर. संकरित गाय दिवसाला दहा-पंधरा लिटर देते, पण तिच्या गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम असते. जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर दमतो. शेतात ट्रॅक्टर, दावणीला न चालणारा बैल, अशी अवस्था झाली. म्हणजे ज्या बदलाने दूध वाढवले त्याच बदलाने गोऱ्ह्याची जागा काढून घेतली.

आकडे काय सांगतात?

2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात गोवंश सुमारे 19.25 कोटी होता. त्यात माद्या 14.51 कोटी आणि नर फक्त 4.74 कोटी. 2012 च्या तुलनेत माद्या सुमारे 18 टक्क्यांनी वाढल्या, तर नर सुमारे 30 टक्क्यांनी घटले. जन्म निम्मे-निम्मे आणि जिवंत जनावरांत तीन माद्यांमागे एक नर. मधले कुठे गेले याचे उत्तर गणनेच्या रकान्यात नाही, पण ते गावात सगळ्यांना माहीत असते. कुणी बाजारात विकला, कुणी रात्री दूरच्या रस्त्यावर सोडला, कुणाला दूधच पाजले नाही आणि आठ-पंधरा दिवसांत तो आपोआप गेला. हा शेवटचा प्रकार कोणत्याही कायद्यात कत्तल ठरत नाही.

त्याच गणनेत देशभर मोकाट जनावरे 50 लाखांहून अधिक भरली. त्यात गोऱ्हे आहेत तशाच भाकड गायीही आहेत. गाय पंधरा-वीस वर्षे जगू शकते, पण दुधाच्या धंद्यात चार-पाच वेतांनंतर ती परवडत नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण आपली. आटल्यावर लाथांचे काय, हे म्हण सांगत नाही. आपल्या भाषेने भाकड हा शब्द पुढे निरर्थक गोष्टींनाही लावला, भाकडकथा म्हणून. दूध न देणारी गाय म्हणजे निरुपयोगी, हा हिशेब भाषेतही मुरलेला आहे.

रेषा ओलांडली की कायदा बदलतो

राज्यघटनेच्या 48 व्या कलमात गोवंशाचा उल्लेख आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. शेती-पशुपालन आधुनिक शास्त्रीय पद्धतीने करावे आणि गायी-वासरे व इतर दुभत्या, ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलीला बंदी घालावी, अशी दोन्ही वाक्ये त्यात शेजारी-शेजारी आहेत. प्रत्यक्षात कायदा राज्यांनी केला आणि तो प्रत्येक राज्यात वेगळा आहे.

महाराष्ट्र: गाईच्या कत्तलीला बंदी 1976 च्या कायद्याने होतीच. बैल आणि वळू यांनाही बंदी लागू करणारी 1995 ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च 2015 मध्ये अमलात आली. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीच्या कत्तलीला प्रमाणपत्रासह परवानगी आहे.

कर्नाटक: 1964 च्या कायद्यात बारा वर्षांवरील निकामी बैल कापण्यास मुभा होती. 2020 च्या नव्या कायद्याने, जो 2021 च्या सुरुवातीपासून लागू झाला, सर्व वयाच्या गोवंशाला बंदी आली. म्हैस आणि रेडा तेरा वर्षांपर्यंत कापता येत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षे आणि दंड किमान पन्नास हजार. कत्तलीसाठी राज्याबाहेर वाहतूक करण्यासही मनाई आहे.

गोवा: 1978 च्या कायद्याने गाय आणि वासरू यांना संरक्षण. बैल, म्हैस यांना 1995 च्या कायद्यानुसार प्रमाणपत्रावर परवानगी. गोव्यातील गोमांसाचा मोठा पुरवठा शेजारच्या कर्नाटकातून होत असे. तिथला कायदा बदलताच तो अडचणीत आला.

तेलंगण: 1977 चा कायदा गाय आणि वासरांना वाचवतो. बैलाला प्रमाणपत्रावर मुभा.

मध्य प्रदेश आणि गुजरात: दोन्हीकडे पूर्ण गोवंश हत्याबंदी. गुजरातची बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 2005 मध्ये वैध ठरवली. 2017 पासून तिथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

2005 चा तो निकाल महत्त्वाचा आहे. 1958 मध्ये याच न्यायालयाने म्हटले होते, की काम संपलेल्या बैलावर सरसकट बंदी घालता येणार नाही. शेतकऱ्यावर आणि चाऱ्यावर तो बोजा ठरेल. 2005 मध्ये न्यायालयाने उलट मत दिले. म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही. तर्क पटण्यासारखा आहे. पण त्या शेणाला बाजार कोण देणार आणि तोवर वैरण कोण घालणार, हे निकालात ठरत नाही. ते गोठ्यात ठरते.

चंदगड आणि बेळगाव, कागल आणि निपाणी, सावंतवाडी आणि पेडणे यांच्यामध्ये रस्त्यावरची एक कमान आहे. कमानीच्या दोन्ही बाजूंना गोठा तोच, चारा तोच, डेअरीला दूध घालणारी माणसे तीच. जनावर मात्र एका बाजूला एक कलम ओढून चालते आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. कायद्यांनी एक दार बंद केले. दुसरे उघडण्याचे काम मात्र कोणत्याच राज्याने कायद्याइतक्या जोराने केलेले नाही.

एका गाईचा पूर्ण हिशेब

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता असा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दर जनावरामागे रोज 50 रुपये अनुदान जाहीर केले. चारा-पेंडीचे आजचे भाव पाहता पन्नास रुपयांत जनावराचे पोट भरणे कठीणच. हे अनुदान संकरित जनावराला मिळत नाही, तेही खरे. पण माप म्हणून हाच सरकारी आकडा धरू आणि एका संकरित गाईचा हिशेब मांडू.

समजा ती सरासरी आठ लिटर देते आणि एका वेतात 300 दिवस दूध चालते. एका वेताचे झाले 2,400 लिटर. पाच वेतांचे 12,000 लिटर. त्यानंतर ती भाकड म्हणून आणखी सहा वर्षे जगली, तर रोज 50 रुपयांप्रमाणे खर्च 1,09,500 रुपये. तो तिच्याच दुधावर वाटला तर लिटरमागे सुमारे नऊ रुपये.

आता वासरे. पाचांपैकी दोन गोऱ्हे धरू. ते काम न करता बारा वर्षे जगले, तर दोघांचा खर्च 4,38,000 रुपये. लिटरमागे साडेछत्तीस रुपये. दोन्ही मिळून 45 रुपयांच्या आसपास. म्हणजे गाय आणि तिची मुले यांना नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळायचे असेल, तर गाईच्या दुधाचा दर आज आहे त्याच्या जवळपास दुप्पट व्हायला हवा.

आज हे 45 रुपये ग्राहक देत नाही, दूध संघ देत नाही, सरकारही देत नाही. मग ते कोण देते? काही भाग शेतकरी सोसतो. काही भाग ज्याच्या उभ्या पिकात मोकाट गुरे शिरतात तो दुसरा शेतकरी सोसतो. काही भाग रात्री रस्त्यात बसलेल्या जनावरावर आदळणारा दुचाकीवाला सोसतो. थोडा भाग गोशाळेला देणगी देणारे उचलतात. आणि उरलेला सगळा ते जनावरच भरते, भुकेने. पिशवीचा दर आपल्याला परवडतो तो यामुळे.

म्हैस या वादात कुठे आहे?

देशातल्या दुधापैकी सुमारे 45 टक्के दूध म्हशीचे. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून पेला भरून देतात ते म्हशीचेच, आणि पंढरपुरी म्हैस सोलापूर, कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत गवळ्यांचा आधार आहे. तिचा सणात मान नाही असे नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूर-बेळगावात सजवलेल्या म्हशी पळवतात, हैदराबादेत यादव समाज सदर सणाला रेड्यांची मिरवणूक काढतो. ज्ञानेश्वरांच्या चरित्रात वेद बोलला तोही रेडाच, आणि जुन्नरजवळच्या आळे गावी त्याची समाधी दाखवतात.

पण कायद्यात आणि राजकारणात म्हैस गाय नाही. भारतातून गाय-बैलाच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे, तर म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या मोठ्या देशांपैकी एक आहे. म्हशीचे दूध तुलनेने परवडते, त्यामागे हे एक कारण आहे. शेतकऱ्याला भाकड म्हशीची काहीतरी किंमत मिळते, त्यातून तो नवी घेऊ शकतो. गाय वाचवायची आणि म्हशीवर धंदा चालवायचा, अशी ही वाटणी आहे. ती सोयीची असेल, पण वेदना दोघींनाही सारखीच होते.

बेळगावात शंभर वर्षांपूर्वी

हा प्रश्न आज उपटलेला नाही. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन झाले, महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव. त्याच दिवसांत तिथे गोरक्षण परिषदही भरली आणि तिचे अध्यक्षपदही गांधींकडेच होते. पुढच्या वर्षी त्यातून अखिल भारतीय गोरक्षा मंडळ उभे राहिले. गांधींचा रोख स्पष्ट होता. मुसलमानांशी भांडून गाय वाचणार नाही. शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढणारे, बैलाला उपाशी ठेवून राबवणारे आणि भाकड गाय विकणारे हात बहुतेक हिंदूंचेच आहेत, असे ते वारंवार लिहीत. गोशाळांनी नुसती देणगीवर जनावरे ठेवू नयेत, चांगली दुग्धशाळा चालवावी, आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचे चर्मालयही चालवावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे त्या पैशात भाकडांचा सांभाळ होईल. वर्ध्यात हे काम उभेही राहिले. 1941 मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाची जबाबदारी घेतली आणि वर्ध्याचे गोरस भांडार आजही ओळखीचे आहे.

गांधींनी स्वतः 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. गाई-म्हशींचे दूध काढण्यासाठी होणारे हाल हे त्यामागचे एक कारण. 1918-19 च्या मोठ्या आजारपणात डॉक्टरांनी दूध घ्यायला सांगितले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. व्रत गाई-म्हशींच्या दुधाचे होते, म्हणून त्यांनी ते घेतले. शब्द पाळला पण भावना मोडली, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात लपवली नाही.

दुसऱ्या टोकाचे सावरकर. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे त्यांनी विज्ञाननिष्ठ निबंधांत मांडले. त्यांच्या लेखाचे शीर्षकच ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’. गांधी आणि सावरकर यांचे बहुतेक बाबतीत जमले नाही, पण गाय आरतीने नव्हे तर चाऱ्याने जगते, यावर दोघांचा रोख एकच होता.

1966 च्या दिल्लीतल्या आंदोलनानंतर केंद्राने गोरक्षणावर समिती नेमली. तीत गोळवलकर गुरुजी होते, पुरीचे शंकराचार्य होते आणि अमूलचे डॉ. वर्गीस कुरियनही होते. उपयोगी गाय मारू नये इथपर्यंत कुरियन यायला तयार होते, पण सरसकट बंदी त्यांना मान्य नव्हती. निकामी जनावरे कमी केली नाहीत तर चांगल्या जनावरांना चारा उरणार नाही, हे दुग्धव्यवसायाचे गणित त्यांनी उघडपणे मांडले. समिती वर्षानुवर्षे चालली आणि अहवाल न देताच गुंडाळली गेली. ते गणित आजही तिथेच आहे.

गाईच्या मरणानंतरचे काम कोणाच्या वाट्याला येते, हाही या नीतीचा भाग आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या दलितांवर लादले गेले. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, हा विचार डॉ. आंबेडकरांनी 1927 च्या महाड परिषदेत मांडला. जुलै 2016 मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, आणि त्यानंतर तिथल्या अनेकांनी मेलेली जनावरे उचलायलाच नकार दिला. तेव्हा रस्त्यारस्त्यावर पडलेल्या गुरांनी दाखवून दिले, की गोमातेचे अंत्यसंस्कार करायला भक्तांपैकी कोणी पुढे येत नाही.

मग दूध सोडायचे का?

काही जण तेच म्हणतात. दूध वासराचे आहे, ते घेणे म्हणजेच पुढच्या सगळ्या साखळीला पैसे देणे, म्हणून ते बंद करा. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या जैन समाजातही अहिंसेचा हा अर्थ मांडणारे तरुण आहेत. त्यांचा तर्क सरळ आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला परवडते, ज्याच्या ताटात डाळी, शेंगदाणे, भाज्या पुरेशा आहेत, त्याला दूध कमी करणे किंवा सोडणे शक्य आहे.

दुसरी बाजू गोठ्यातली. दोन गायींवर घर चालवणाऱ्या बाईला दूध सोडा म्हणणे म्हणजे बिल सोडा म्हणणे. गरीब शाकाहारी घरात दूध-ताक हे पोरांच्या पोटातले थोडेफार प्रथिन असते. तिच्या हातून गोऱ्हा उपाशी मरत असेल तर ती क्रूर आहे म्हणून नव्हे. तिला मिळणाऱ्या दरात त्याची वैरण धरलेलीच नाही म्हणून.

तिसरे मत गोरक्षकांचे. बंदी कडक करा, वाहने अडवा. पण वाहन अडवल्यावर उतरवलेली जनावरे गोशाळेत जातात आणि गोशाळा आधीच भरलेल्या असतात. पांजरपोळांची परंपरा जुनी आहे, मुंबईचे पांजरपोळ 1834 पासूनचे. पण ती परंपरा थोड्या जनावरांसाठी होती. लाखोंच्या संख्येसाठी देणगी पुरत नाही.

हिशेब कमी कसा होईल?

वरच्या 45 रुपयांतला सर्वांत मोठा भाग गोऱ्ह्यांचा आहे. लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरली तर साधारण दहापैकी नऊ वासरे कालवडी होतात. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिम इथे या तंत्राची देशी आवृत्ती जाहीर झाली, त्यामुळे मात्रेचा दर सुमारे 200 रुपयांनी उतरेल असे तेव्हा सांगितले गेले. पाच वेतांत दोनऐवजी सरासरी अर्धा गोऱ्हा धरला तर आपला हिशेब 45 वरून 18 रुपयांवर येतो. पण यात एक अडचण आहे. कालवडी दुप्पट झाल्या तर पुढे भाकड गायीही वाढणार. म्हणून गरजेपुरतीच गुरे आणि चांगली गुरे, हे धोरण सोबत हवे.

दुसरे शेण. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. छत्तीसगडने 2020 मध्ये किलोला दोन रुपये दराने शेण खरेदी सुरू केली होती. तो दर धरला तर भाकड गाय दिवसाला वीस रुपये स्वतः कमावते आणि 18 रुपयांचा हिशेब 11 वर येतो. 2005 च्या निकालातला तर्क खरा करायचा असेल तर गावोगाव शेणाला असा भाव आणि गोबर गॅस हवा.

तिसरी गोष्ट गायरान. चराऊ जमीन उरली असती तर भाकड गाय आज आहे त्याच्या निम्म्या खर्चात जगली असती. गोमातेच्या नावाने घोषणा देणाऱ्या ग्रामपंचायतींनी आपल्या गायरानाचा सातबारा, कर्नाटकात असेल तर उतारा, एकदा काढून बघण्यासारखा आहे.

उरतो ग्राहक. दूध संघांनी लिटरमागे दोन-तीन रुपये भाकड निधी म्हणून वेगळे काढले आणि ते आपल्याच सभासदांच्या आटलेल्या गायींच्या वैरणीला दिले, तर सगळा खर्च निघणार नाही, पण गाय रस्त्यावर सोडण्याआधी शेतकऱ्याला एक पर्याय मिळेल. दुधाचे दर दोन रुपयांनी वाढले की ओरड होते. ही वाढ कशासाठी आहे हे पिशवीवर छापले तर कदाचित ओरड कमी होईल. ज्यांना घरपोच दूध देणारा गवळी आहे त्यांनी त्याला एवढे तरी विचारावे: गेल्या वर्षी व्यालेल्या गाईचा गोऱ्हा कुठे आहे? आटलेली गाय कुठे आहे? उत्तर देताना तो अडखळला तर दोष त्याच्या एकट्याचा नाही. हे दोन प्रश्न विचारून, त्याचे उत्तर चांगले असेल तर लिटरला चार रुपये जादा मोजणारे गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलेले नसते.